घरची शेती थोडी, तर ट्रॅक्टरही बेताचाच बरा



मृगाचा पाऊस पडून गेला आहे. दोन दिवस उघडीप मिळाली आणि रानाला छान वापसा आला. बी-खत घरात येऊन पडले आहे. भाड्याचा ट्रॅक्टरवाला "सकाळी येतो" म्हणाला होता. सकाळ गेली, दुपार गेली, दिवस मावळला. तो तरी काय करील बिचारा? त्याच्या यादीत वीस जण आहेत, आणि पंधरा एकरांचे सलग रान सोडून तो तुमच्या दोन एकरांच्या तुकड्यात आधी कशाला येईल? तिसऱ्या दिवशी तो येतो म्हणतो, तोच आभाळ पुन्हा भरून येते. मग चिखल, मग पुन्हा वापशाची वाट. पेरणी आठ-दहा दिवस मागे पडली, तर सोयाबीन, मूग, उडीद या पिकांचा उतारा किती खाली येतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. ते तुम्ही भोगलेले आहे.

पूर्वी दावणीला बैलजोडी होती. तिला विचारायला कोणाच्या दारात जावे लागत नसे. आता गावोगाव बैलजोड्या कमी झाल्या, वैरण महागली, गडी मिळेना. अशा वेळी घरातल्या तरुण पोराच्या मनात येते, "आपणच ट्रॅक्टर घेऊ." विचार चुकीचा नाही. प्रश्न एवढाच, की कोणता आणि केवढा?

२०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास जमीन आहे. त्यातही दोन-तीन तुकडे, मध्ये बांध, एखादी विहीर, चार झाडे. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा नवा कोरा ट्रॅक्टर अशा रानात वळेपर्यंत निम्मे रान संपते! म्हणून आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते जुन्या, लहान ट्रॅक्टरबद्दल. पंधरा ते तीस-पस्तीस अश्वशक्तीचे, वीस-तीस वर्षे वापरलेले, पण नीट ठेवले तर आणखी दहा वर्षे सहज साथ देणारे हे ट्रॅक्टर आहेत.

माझीच एक चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःची चूक सांगितलेली बरी. मी खात्यात नवीन होतो. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात नेमणूक होती. २००१ साली एका मेळाव्यात चार भाऊ मला भेटले. चौघांचे सातबारे एकत्र केले तर चौदा एकर भरत होते, त्यातले पाणी जेमतेम पाच एकरांना. त्यांना कर्जावर मोठा ट्रॅक्टर घ्यायचा होता. मी नुकताच पुस्तके वाचून आलेला. यांत्रिकीकरण म्हणजे प्रगती, एवढेच डोक्यात. मी म्हणालो, "बिनधास्त घ्या. भाड्याने चालवा, हप्ता आपोआप निघेल."

गावात त्याच वर्षी आणखी तीन ट्रॅक्टर आले. भाडे वाटले गेले. पुढे २००३ चा दुष्काळ माण-खटावने कसा सोसला, ते त्या भागातल्या वाचकांना आठवत असेल. विहिरी आटल्या, रानात पेरच नाही, तर ट्रॅक्टरला काम कोठून येणार? हप्ते थकले. एक दिवस कर्ज देणाऱ्यांची माणसे आली आणि ट्रॅक्टर घेऊन गेली. व्याजाच्या ओझ्यापायी विहिरीशेजारचे दोन एकर विकावे लागले, आणि भावाभावांत बोलणे बंद झाले ते झालेच.

त्या घरी मी नंतर गेलो, तेव्हा त्यांच्या आईने मला चहा दिला. एका शब्दाने बोलली नाही. मला मात्र तो चहा आजही आठवतो. तेव्हापासून कोणी ट्रॅक्टरचा सल्ला विचारला, की मी आधी सातबारा, विहीर आणि घरातली खाती-पिती माणसे मोजतो, अश्वशक्ती मागाहून.

हे लहान ट्रॅक्टर आले कोठून?

आज रस्त्यावर मोठमोठे ट्रॅक्टर दिसतात, त्यामुळे लहान ट्रॅक्टर म्हणजे काहीतरी कमी दर्जाचे, असा समज झाला आहे. तो खरा नाही. जगात ट्रॅक्टर घरोघर पोहोचला तो लहान रूपातच. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयर्लंडच्या गृहस्थाने अवजार तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडून हायड्रॉलिकने उचलण्याची रीत रूढ केली. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात त्याचे लहान राखाडी ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक तयार झाले. आज तुमच्या ट्रॅक्टरच्या मागे जी थ्री-पॉइंट जोडणी आहे, ती त्याच घराण्यातली.

आपल्याकडे १९५९ साली फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून भारतात जुळवलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे ते जुने आयशर डुगडुग करीत अजूनही कोठे कोठे चालताना दिसते. १९६० साली मद्रासला टाफे कंपनी निघाली आणि मॅसी फर्ग्युसन आपल्या रानात आला. त्याच दशकात महिंद्रांच्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीमार्फत बी-२७५ हा पस्तीस अश्वशक्तीच्या आतबाहेरचा ट्रॅक्टर आला. १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर ट्रॅक्टरच्या धर्तीवर दोन सिलिंडरचा पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर काढला. आणि १९७४ साली पंजाबातून स्वराज ७२४ आला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या आपल्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनिअरांनी केला होता.

या सगळ्यांत एक समान गुण होता. यंत्र साधे. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही. डिझेल, हवा आणि वंगण एवढे वेळेवर मिळाले की गाडी चालू. बिघाड झाला तर तालुक्याचा मिस्त्री पाने-पकड घेऊन बांधावर येऊन दुरुस्त करू शकतो. लहान शेतकऱ्याला हाच मोठा आधार आहे.

कोणते काम होईल, कोणते नाही

पंचवीस अश्वशक्तीच्या चांगल्या ट्रॅक्टरकडून काय अपेक्षा ठेवावी, ते मांडतो.

हलक्या-मध्यम रानात दोन फाळांचा, भारी काळ्या रानात एका फाळाचा नांगर तो ओढतो. पाच ते सात फणांचा मोगडा, सरी यंत्र, पेरणी यंत्र, चार फुटी रोटाव्हेटर ही त्याची रोजची कामे. चार फुटी रोटाव्हेटर ताशी तीन किलोमीटर वेगाने चालला आणि वळणात व एकावर एक पट्टा येण्यात चौथाई वेळ गेला असे धरले, तरी एका तासात सुमारे सत्तावीस गुंठे रान होते. म्हणजे एकराला दीड तास. चार एकरांच्या धन्याला याहून अधिक घाई कशाला?

पीटीओवर मळणी यंत्र, फवारणी पंप, कडबा कुट्टी चालते. शेणखत, वैरण, कांदा-आल्याच्या गोणी ट्रॉलीतून बाजारात नेता येतात. शिवाय वजनाने हलका असल्यामुळे तो रान कमी दाबतो. जड ट्रॅक्टर ओल्या काळ्या जमिनीत वरचेवर फिरला, की नांगराच्या तळाखाली कठीण थर बसतो, मुळ्या खाली जात नाहीत आणि पाणीही मुरत नाही. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण ते मोजत नाही.

आता मर्यादा. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणे, घाटातून भरल्या ट्रॉलीने जाणे, हरळी-कुंद्याने भरलेले पडीक रान उलथणे, ही त्याची कामे नव्हेत. खोल नांगरट दर दोन-तीन वर्षांनी एकदा लागते. त्या वेळी मोठा ट्रॅक्टर भाड्याने खुशाल बोलवा. उन्हाळ्यात त्या कामाला चार दिवस मागेपुढे झाले तरी बिघडत नाही. पेरणी, कोळपणी, सरी सोडणे या वेळेच्या कामांना मात्र घरचे साधन असावे. सारांश एवढाच, की घाईचे काम घरच्या ट्रॅक्टरने करावे आणि ताकदीचे भाड्याच्या.

द्राक्ष-डाळिंबाच्या बागाईतदारांनी रुंदी मोजूनच सौदा करावा. जुना पंचवीसचा ट्रॅक्टरही पसरलेल्या झाडांच्या ओळीत फांद्या मोडतो. तेथे साडेतीन-चार फूट रुंदीत बसणारा अठरा अश्वशक्तीच्या जातीचाच बरा.

घरात बसून हिशेब करा

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावचे भाव घालून तुम्ही ते पुन्हा मांडा. एका पाटीवर मुलीला लिहायला सांगा, म्हणजे सगळ्या घराला समजेल.

समजा, चार एकर शेती आहे. मशागत, पेरणी, आंतरमशागत, मळणी, वाहतूक मिळून वर्षाला शंभर तास ट्रॅक्टर लागतो. नव्या मोठ्या ट्रॅक्टरसाठी सहा लाख कर्ज काढले आणि पाच वर्षांत फेडायचे ठरवले, तर नुसते मुद्दल वर्षाला १,२०,००० रुपये. शंभर तासांवर वाटले तर तासाला १,२०० रुपये. त्यात व्याज नाही, डिझेल नाही, विमा नाही.

आता जुना लहान ट्रॅक्टर दीड लाखाला घेतला, आल्याबरोबर चाळीस हजार दुरुस्तीला घातले. एकूण १,९०,०००. आठ वर्षे वापरून सत्तर हजारांना विकला, तर घट १,२०,००० रुपयांची, म्हणजे वर्षाला १५,०००. वर्षाची दुरुस्ती-देखभाल २०,००० धरा. एकूण ३५,०००, तासाला ३५० रुपये. त्यावर तासाला तीन-साडेतीन लिटर डिझेल.

हिशेब प्रामाणिक असावा म्हणून दुसरी बाजूही सांगतो. नव्या ट्रॅक्टरची पाच वर्षांनंतरही किंमत उरते, आणि जुन्यात गुंतवलेल्या तुमच्या पैशाचे बुडालेले व्याजही धरले पाहिजे. पण लहान घराला ओढ बसते ती पहिल्या पाच वर्षांत. पाऊस चुकला, तरी हप्ता चुकत नाही. जुना ट्रॅक्टर दुष्काळात शेडमध्ये उभा राहिला, तर तो खायला मागत नाही आणि दारात माणसेही आणीत नाही.

आणखी एक. ज्यांची शेती दोन एकरांच्या आत आहे, त्यांनी जुनाही घेऊ नये. दोन-तीन सख्खे शेजारी मिळून घ्यावा किंवा भाड्यानेच भागवावे. भागीदारीत घेतला, तर कोणाचा वार कोणता, डिझेल कोणी घालायचे, मोडले तर खर्च कसा वाटायचा, हे आधी कागदावर लिहा. तोंडी बोलीने मैत्री तुटते.

सौदा करताना

जुना ट्रॅक्टर आणि जुने बैल घेताना घाई करू नये. मोबाइलवर फोटो पाहून विसार देऊ नका. ओळखीचा मिस्त्री बरोबर घ्या, आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की सकाळी येईन, ट्रॅक्टर थंडच ठेवा. थंड इंजिन कसे चालू होते, यावरून निम्मी परीक्षा होते.

चालू झाल्यावर धूर पाहा. सुरुवातीचा थोडा धूर चालतो. गरम झाल्यावरही निळसर धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जळते आहे. लायनर-पिस्टनचा खर्च पुढे उभा आहे. ओझ्याखाली दाट काळा धूर आला, तर हवेची जाळी, नोजल किंवा डिझेल पंपाची खोट असू शकते. ब्रीदरच्या नळीतून भकाभका वाफ येत असेल, तर इंजिनात दम उरलेला नाही. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच काढा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, किंवा डिपस्टिकवरचे ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले, तर दुसरा ट्रॅक्टर शोधा.

मागे अवजार जोडून लिफ्ट वर करा आणि इंजिन बंद करा. अवजार झटझट खाली येऊ लागले, तर हायड्रॉलिक गळते आहे. उतारावर गिअर निसटतो का, स्टिअरिंगला खेळ किती, दोन्ही ब्रेक सारखे लागतात का, हे स्वतः चालवून पाहा. टायरच्या भेगा बघा. चार टायरांचा खर्च सौद्याचा हिशेब उलटा करतो.

आता कागद. आरसी पुस्तकावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबराशी ताडून पाहा. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. ते केलेले आहे का, विचारा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन नाव आपल्यावर चढवून घ्या, विमा काढा. "नंतर बघू" म्हणणाऱ्यांची धावपळ मी खूप पाहिली आहे.

सुट्या भागांची चौकशी सौद्याच्या आधी करा. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. त्यामुळे त्याचे भाग आता इतर उत्पादकांचे आणि जुन्या बाजारातले घ्यावे लागतात. तुमच्या तालुक्याच्या बाजारात ज्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट, फिल्टर आणि ऑइल सील तासाभरात मिळते, तोच तुमचा ट्रॅक्टर. मग रंग कोणताही असो.

निगा राखली तर नाव राखील

जुन्या ट्रॅक्टरचा खरा शत्रू वय नव्हे, धूळ आहे. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. धुळीच्या कामात ती वाटी रोज उघडून पाहा, गाळ बसला असेल तर धुऊन खुणेपर्यंत नवे तेल घाला. पाच मिनिटांचे काम. पण त्यानेच लायनर वाचतात.

डिझेल गाळून भरा. टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत रात्री दव धरत नाही. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी घालू नका; पावसाचे साठवलेले, गाळलेले पाणी उत्तम. ऑइल बदलल्याची तारीख शेडच्या भिंतीवर खडूने लिहा. ग्रीस निपलना आठवड्याला ग्रीस द्या. डिझेल संपून पंपात हवा धरली, तर ती कशी काढायची हे घरातल्या निदान दोघांना यावे, आणि त्यातली एक घरची बाई किंवा मुलगी असावी. ऐन पेरणीत धनी बाजारात आणि ट्रॅक्टर बांधावर बंद, ही पाळी कोणावरही येते.

जीव आधी, काम मागून

जुन्या ट्रॅक्टरवर उलटला तर जपणारी लोखंडी कमान बहुधा नसते, आणि पीटीओचे झाकण कोणीतरी केव्हाच काढून भंगारात घातलेले असते. ते आधी बसवून घ्या. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे एका सेकंदात नऊ! पदर, ओढणी, धोतराचा सोगा किंवा सैल बाही त्यात अडकली, तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. मळणीच्या वेळी बायकांनी पदर खोचून, केस बांधून काम करावे, आणि दांडा फिरत असताना त्याच्यावरून कोणीही ओलांडू नये.

चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधा. टॉप लिंकला किंवा अॅक्सलला उंच बांधली, तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावर मागे पालथा पडतो. स्टार्टर बिघडला म्हणून खाली उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी देऊ नका. गिअर पडलेला असेल, तर ट्रॅक्टर तुमच्याच अंगावरून जाईल. आणि नातवाला मडगार्डवर बसवून मिरवू नका. असल्या हौसेला नंतर मोल मोजता येत नाही.

एका घराची गोष्ट

पाच-सहा वर्षांपूर्वी खटाव तालुक्यात शेतीशाळा घेत होतो. एक शेतकरी उठून म्हणाला, "सायेब, शेजाऱ्यानं पन्नासचा घेतलाय. मीबी म्हणतो, घ्यावा." मी काही बोलायच्या आत मागून त्याची कारभारीण म्हणाली, "आपल्या पाच एकरात त्यो हत्ती बांधून काय करायचा? त्याला चारा कोण घालणार?" सगळी शाळा हसली. तो मात्र खाली मान घालून बसला.

दुसऱ्या दिवशी दोघे माझ्याकडे आले. पाटी घेऊन आम्ही हिशेब मांडला. महिनाभर शोधून त्यांनी पंचवीसचा जुना एचएमटी घेतला. पहिल्या वर्षी क्लच गेला, पंप काढावा लागला. खर्च झाला, आणि माझ्या नावाने चार शब्द निघाले असतील तर ते मला मान्य आहेत. पण पुढल्या मृगात पाऊस उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या रानात पेर होती. कर्ज नसल्यामुळे मुलीचे नर्सिंगचे शिक्षण थांबले नाही. परवा गेलो, तर वहिनीच ट्रॅक्टर चालवून आल्याच्या रानात शेणखत टाकीत होत्या. म्हणाल्या, "साहेब, ह्यो आपल्या ऐपतीचा हाय. हाक मारली की उठतो."

बंधू-भगिनींनो, ट्रॅक्टर म्हणजे शेतीची इभ्रत नव्हे, अवजार आहे. शेजाऱ्याच्या दारातला पाहून आपल्या दारातला ठरवू नका. आपले रान, आपले पाणी, आपली माणसे पाहून ठरवा. अंथरूण पाहून पाय पसरले, तर झोप शांत लागते. आणि विकत घेण्याआधी एक रात्र घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः घरच्या लक्ष्मीने, त्या पाटीवरचा हिशेब डोळ्यांखालून घातलाच पाहिजे. चौदा एकरांच्या त्या चार भावांच्या घरी हे राहून गेले होते, आणि ते विचारायला मीही विसरलो होतो.